करमुक्त खातं आणि अब्बांची सही

अब्बांचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला. डावा वाचला, तो त्यात मला काही करायलाच मिळालं नाही म्हणून.

हे काही मिरवून सांगण्यासारखं नाही. पण मी नाही सांगितलं तर माझी बायको जुबेदा सांगते, आणि ती सांगते तेव्हा लोक जास्त हसतात. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका.

आम्ही त्या वेळी बहरीनला माहूजमध्ये राहत होतो. एअरकंडिशनर बसवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाचा मी स्टोअरकीपर. माझ्या ताब्यात चारशे एसी आणि बसायच्या जागेला पंखासुद्धा नाही! उन्हाळ्यात मी इतका वितळायचो की संध्याकाळी घरी जाणारा माणूस सकाळी आलेलाच आहे का, हे पाहायला वॉचमन माझं कार्ड मागायचा. कुवेतचं युद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या खिडकीच्या काचांवर चिकटवलेल्या चिकटपट्ट्यांच्या फुल्या अजून निघाल्या नव्हत्या. त्या काढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून.

युद्धाच्या सुरुवातीला लोकांनी बँकांसमोर रांगा लावल्या होत्या. रांग दिसली म्हणून मीही लावली. जेवढं होतं तेवढं काढून आणलं आणि एका जुन्या कांबळ्याच्या घडीत बांधून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. युद्ध संपलं, रांगा संपल्या, लोकांनी पैसे परत बँकेत नेऊन टाकले. माझे कांबळ्यातच राहिले. तिथे त्यांना डांबराच्या गोळ्यांचा असा वास लागला होता, की नोट मोडायला दिली तर दुकानदार आधी शिंकायचा.

अशात अब्बांचं पत्र आलं.

अब्बा गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. आयुष्यभर मचव्यावर तांडेल. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली कुठे खडक आहे, हे ते नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचे. असा डोळा! त्यांनी लिहिलं होतं, 'उजव्या डोळ्याला कडेकडेनं धुकं दिसतं. रत्नागिरीचा डाक्टर काचबिंदू म्हणतो. मुंबैला जाऊन आपरेशन करा म्हणतो. पण घाई नाय. आंबा यंदा कमी. जुबेदाला दुवा.'

आता अब्बांच्या 'घाई नाय'बद्दल थोडं सांगायला हवं. एका पावसाळ्यात आमच्या घराचं अर्धं छप्पर वाऱ्याने उचलून शेजाऱ्याच्या माडावर नेऊन ठेवलं. त्याची बातमी अब्बांनी मला अशी दिली होती : 'घरात हवा चांगली खेळते. पाठवता आले तर पत्रे पाठव. घाई नाय.' जन्मात या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं नाही. बशीतला शेवटचा बोंबील हवा असला तर ते समोरच्याला 'तू घे' म्हणून तीनदा आग्रह करतात आणि चौथ्यांदा नाइलाजाने स्वतः खातात. हे मला लहानपणापासून पाठ होतं. तरीही मी पत्र वाचलं, 'घाई नाय' वाचलं आणि सुटलो.

जुबेदा म्हणाली, "उद्या बाजारात जावा, ड्राफ्ट काढा, पाठवा. आर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचंच होतं. पण अर्ध्या तासात होणारी कामं मला कधी पटलेली नाहीत. मी तिला समजावलं, की ड्राफ्ट ही मलमपट्टी झाली. आज ऑपरेशन, उद्या औषधं, परवा दुसरा डोळा. अब्बांना गावी बसल्या बसल्या, हवे तेव्हा, कुणाला न विचारता पैसे काढता आले पाहिजेत. म्हणजे मागावंच लागणार नाही त्यांना. एकदाच करायचं, पण कायमचं करायचं.

(हे वाक्य मी इतक्या जोरात म्हटलं, की खालच्या मजल्यावर परांजप्यांनी ते ऐकलं. तिथून सगळं बिघडलं.)

परांजपे मूळचे पुण्याचे, एका शिपिंग एजन्सीत अकाउंटंट. स्वच्छ, सज्जन आणि संपूर्ण माणूस. ते आंघोळीच्या पाण्याचाही तक्ता मांडत. माझी अडचण ऐकून त्यांना असा आनंद झाला, जसा सर्जनला अपेंडिक्स बघून होतो. संध्याकाळी ते फूटपट्टी, दोन रंगांची पेनं आणि एक मोठा कागद घेऊन वर आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चौकटी आखायला घेतल्या.

"मुश्ताकभाई, घाईने उघडलेलं खातं आणि घाईने केलेलं लग्न, दोन्हीत सही एकदा आणि पश्चात्ताप रोज," ते म्हणाले. आतून जुबेदाने कढई आपटली.

तरी सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत परांजप्यांनी प्रश्न सोडवला होता. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तिकडच्या बँकेत तीन तऱ्हांनी पैसे ठेवता येतात. एका खात्याच्या व्याजावर सरकार कर कापतं. दुसरी मुदतीची ठेव, तिला कर नाही आणि व्याजही भरपूर, पण पैसे कुलपात. तिसरं एनआरई बचत खातं : कर नाही, कुलूप नाही, मुखत्यारपत्र दिलं तर गावचा माणूसही पैसे काढू शकतो. परांजप्यांनी तिसऱ्या चौकटीत हिरवी खूण केली. खलास. विषय संपला.

पण विषय संपला तर मग आम्ही दोघं करणार काय? मी विचारलं, "बँक कुठली?"

परांजप्यांनी नवा कागद घेतला.

त्या काळी भारतातल्या बँकांचे साहेब आखातात पैसे गोळा करायला यायचे. हॉटेलात सभा घ्यायचे, भाषण करायचे, कॅलेंडर द्यायचे आणि जेवण घालायचे. मी एकही सभा सोडली नाही. एका बँकेने व्याज चांगलं सांगितलं, पण तिची शाखा आमच्या गावापासून दोन खाड्या ओलांडून. दुसरीची शाखा जवळ, पण साहेबाने अब्बांच्या तालुक्याचं नाव तीनदा चुकवलं. तिसऱ्या बँकेने झल्लाकला समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये सहकुटुंब बोलावलं. तिथली बिर्याणी अशी होती, की मी तीन वेळा घेतली आणि तिसऱ्या वेळी वाढणाऱ्याला सांगितलं, की मी अजून निर्णयाच्या अवस्थेत आहे. आमच्या आठ वर्षांच्या मुलाने तिथून सात की-चेन आणल्या. आमच्या घराला एकच किल्ली होती.

मध्ये अब्बांचं आणखी एक पत्र आलं. या खेपेला अक्षर थोडं तिरकं होतं, ओळी डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या, भरतीला बांधलेल्या होडीसारख्या. मजकूर तोच. 'घाई नाय.' मी जुबेदाला म्हटलं, अब्बा आता म्हातारे झाले, ओळ धरवत नाही. आणि परांजप्यांकडे गेलो, कारण तक्त्यात नवी बँक आली होती.

अशी झाडावरचा खजूर हिरवा असल्यापासून तो उतरवून बाजारात येईपर्यंत आमची निवड चालली. शेवटी दोन बँका उरल्या. मी आणि परांजपे टेबलाशी बसून करमुक्त व्याजाची बेरीज करत होतो. जुबेदा मासे साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ह्ये करमुक्त करमुक्त चाललंय, तो कर माफ हाय कशावरचा?"

मी म्हटलं, "व्याजावरचा."

"आन आपण व्याज कवापासून खायला लागलो?"

परांजप्यांनी फूटपट्टी खाली ठेवली.

आमच्यात व्याज घेत नाहीत. हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. मदरशात शिकलोय, वडिलांनी सांगितलंय, दर वर्षी रमझानमध्ये ऐकलंय. पण त्या तीन महिन्यांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं! ज्या व्याजाला मी हात लावणार नव्हतो, त्या व्याजावर कर लागू नये म्हणून मी तीन महिने रक्त आटवलं होतं. म्हणजे ज्याला डुकराचं मांस वर्ज्य त्याने ते स्वस्त कुठे मिळतं हे शोधत हिंडावं, तसली गत.

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या मनामातल्या ऑफिसात गेलो आणि तिथल्या तरुण साहेबाला म्हटलं, मला करमुक्त खातं हवंय, पण व्याज नको. तो बिचारा हळूच म्हणाला, "सर, व्याज नको असेल तर करमुक्त कशाला हवंय?"

मी त्याच्याकडून आणखी एक कॅलेंडर घेतलं आणि घरी आलो.

मी अब्बांना पत्र टाकून विचारलं. त्यांचं उत्तर आलं : 'खातं काढ. व्याज येगळं ठेव, त्याला हात लावू नको. त्याचं काय करायचं ते मी बघतो. डोळ्याची घाई नाय.' मोठा आधार वाटला. मी खातं उघडलं. परांजपे म्हणाले, पैसे दोन ठिकाणी नकोत, लक्ष राहत नाही. म्हणून कांबळ्याची घडी उलगडून डांबराच्या वासासकट होतं नव्हतं ते सगळं त्या खात्यात पाठवलं. कॅशियर दोनदा शिंकला.

आता एकच काम उरलं होतं. अब्बांना पैसे काढता यावेत म्हणून मुखत्यारपत्राच्या फॉर्मवर त्यांच्या नमुन्याच्या तीन सह्या. प्रत्येक सहीला एक चौकट, बोटभर उंच. मी फॉर्म रजिस्टर पोस्टाने गावी पाठवला. वीस दिवसांनी परत आला.

पहिली सही चौकटीच्या वरच्या रेघेवर चढलेली. दुसरी खालून निसटलेली. तिसरी शेजारच्या 'कार्यालयीन उपयोगासाठी' या रकान्यात जाऊन बसलेली. बँकेच्या साहेबाने लाल पेनाने तिन्ही सह्यांभोवती वर्तुळं काढून नवा फॉर्म दिला.

मी तो पाठवला आणि सोबत चिठ्ठी. त्या चिठ्ठीचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. जुबेदालाही आहे. 'अब्बा, सही चौकटीच्या आतच करायची असते. पहिलीतली पोरं पण चौकटीत लिहितात. तुमच्या अशा करण्याने सगळं काम अडलंय.'

दुसरा फॉर्म आला तो गुरुवारचा दिवस होता, दुपारचं जेवण व्हायचं होतं. परांजपे सुट्टी म्हणून वर आलेले. मी पाकीट फोडलं. एक सही अब्बांच्या फोटोवर, त्यांच्याच कपाळावरून आडवी गेलेली. दुसरी समासात. आणि तिसरी अर्धीच. नावाचा पहिला भाग कागदावर होता. उरलेला कागदाबाहेर, म्हणजे आमच्या गावच्या ओसरीतल्या टेबलावर असणार. पोस्टाने टेबल पाठवता येत नाही.

मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. म्हटलं, "बघा, आता निम्मी सही बँकेत आणि निम्मी गावात. पैसे पण निम्मेच मिळणार."

परांजप्यांनी फॉर्म हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तक्त्यातल्या चुका पाहताना त्यांचा चेहरा खुलायचा. तो खुलला नाही.

"मुश्ताकभाई," ते म्हणाले, "ह्यांना चौकट दिसत नाहीये."

मी फॉर्म त्यांच्या हातून घेतला आणि तिन्ही सह्या पुन्हा पाहिल्या.

गावात तेव्हा टेलिफोन एकच, माझा चुलतभाऊ अस्लम याच्या किराणा दुकानात. मी कॉइन बॉक्सवर धावलो. अस्लमने आधी इकडचं तिकडचं केलं, मग मी दरडावल्यावर सांगितलं. उजवा डोळा पार गेला होता, महिना होऊन गेला. गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही. चाचांनी सांगितलं होतं, मुश्ताकला कळवू नको, तो परक्या मुलखात काळजी करत बसेल. आता डाव्या डोळ्यालाही कडेने धुकं सुरू झालं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठेवलं होतं, पैसे आधी भरायचे. सोमवार चुकला तर पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"पैसे कुठनं आणणार होतात?" मी विचारलं.

"चाचा म्हणतात, मुश्ताकनं खातं उघडलंय, ते चालू झालं की त्यातनं काढू."

मी फोन ठेवला. ठेवला नाही, नाणी संपली.

आता माझी अवस्था बघा. माझी सगळी पुंजी करमुक्त होती. कुलूप नसलेली होती. हवी तेव्हा मिळणारी होती. फक्त तेव्हा मिळत नव्हती. मुखत्यारपत्र अडलेलं, कारण डोळा नव्हता. आणि डोळा जात होता, कारण मुखत्यारपत्र अडलेलं. चेकबुक बँकेने माझ्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे गावाला, पाठवलं होतं. सही करायचा मी बहरीनमध्ये. बँकेच्या ऑफिसवर गेलो तर गुरुवार म्हणून दुपारीच शटर पडलेलं. शुक्रवार इथे बंद. शनिवारी इकडचं ऑफिस उघडेपर्यंत आणि त्याचा निरोप जाईपर्यंत तिकडची शाखा अर्ध्या दिवसावर बंद. रविवार तिकडे बंद. मी त्या शटरवर इतक्या जोरात हात मारला, की समोरच्या दुकानातला पाकिस्तानी टेलर बाहेर येऊन म्हणाला, भाईसाहब, अंदर कोई नहीं है, इंशाल्ला शनिवार.

घरी येऊन मी सोफ्यावर बसलो आणि जुबेदाला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "किती लागतील?"

मी आकडा सांगितला.

"बसा. आलेच."

ती खाली परांजप्यांच्या घरी गेली. पंधरा-वीस मिनिटांत परत आली ती परांजपे वहिनींना आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सला घेऊन. वहिनींच्या हातात कस्टर्ड पावडरचा पिवळा डबा. तो त्यांनी आमच्या टेबलावर, बरोबर परांजप्यांच्या तक्त्यावर, ठेवला आणि झाकण काढलं. आत दिनार होते. रबरबँड लावून, नीट रचून.

बिल्डिंगमधल्या बारा बायकांची भिशी होती. मागल्या तीन वर्षांपासून! दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले दिनार टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तिने सगळे उचलायचे. कुणाला अडचण आली तर तिचा नंबर आधी. त्या महिन्याचा नंबर नर्सचा होता. तिला तिच्या घरावर स्लॅब घालायचा होता. ती म्हणाली, "स्लॅब का क्या है, अगले महीने. पापा की आँख पहले." मग जुबेदाकडे वळून तिने तिला मिठी मारली आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेली. सगळी मिळून दोन मिनिटं.

दुपारपासून आमच्या टेबलाशीच बसलेल्या परांजप्यांनी डबा जवळ ओढला. पन्नाशीचा तो माणूस, तीस वर्षं हिशेब लिहिलेला. त्यांनी घसा खाकरून बायकोला विचारलं, "हे पैसे कुठून?"

"तुमच्या भाजीच्या पैशांतून."

"ह्यावर कर?"

"नाही."

"व्याज?"

"नाय," जुबेदा म्हणाली.

"आणि काढायला सही वगैरे?"

वहिनी म्हणाल्या, "मागितलं की मिळतं. चौकट नाही ना आखलेली, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

परांजप्यांनी त्यानंतर माझ्या घरात फूटपट्टी आणली नाही.

आमच्या गल्लीतला एक मिस्त्री शुक्रवारच्या विमानाने मुंबईला निघाला होता. डब्यासकट पैसे त्याच्या हाती दिले. (डबा का, तर कस्टमवाल्याला कस्टर्ड वाटावं म्हणून. वरून खरंच अर्धा पाव कस्टर्ड पावडर ओतली होती. मुंबईत अस्लमने दिनार झटकून मोडले, रुपये त्याच डब्यात भरले आणि हॉस्पिटलच्या कॅशियरनेही, ऐकतो, शिंक दिली. माझ्या पैशांचं नशीबच तसं.) सोमवारी ऑपरेशन झालं. डावा डोळा राहिला.

या सगळ्यात मी काय केलं? मिस्त्रीला टॅक्सी आणून दिली.

माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि रजा मंजूर व्हायला एका अरबाची, एका इंग्रजाची आणि एका मल्याळ्याची सही लागायची. तिघांच्याही सह्या चौकटीत होत्या, तरी तीन महिने लागले. मी गावी पोचलो तेव्हा अब्बा ओसरीवर बसले होते. त्यांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली आणि डाव्या डोळ्याने मला पाहिलं, कोंबडा दाणा बघतो तसं.

"जाड झालास," ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी बसलो. विमानात बरीच वाक्यं पाठ केली होती. शेवटी म्हणालो, "अब्बा, मी उशीर केला."

त्यांनी तोंड खाडीकडे वळवलं. ओहोटी होती, खडक उघडे पडलेले.

"तू उशीर केलास, मी घाई नाय लिवलं," ते म्हणाले. "दोगांनी मिळून घालवला. आर्धा तुजा, आर्धा माजा."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ओसरीतल्या टेबलाकडे पाहिलं. लाकडावर निळ्या शाईत, वाळून पक्की झालेली, अर्धी सही अजून होती. अम्मी म्हणाली, ती राखेने घासून पण जात नाही. मी हळूच त्यावर पेपर ठेवला. अम्मीने तो उचलून रद्दीत टाकला.

चार दिवसांनी अब्बांनी विचारलं, "खात्यावर व्याज किती चढलं?"

मुखत्यारपत्र एव्हाना लागत नव्हतं, मी स्वतःच शाखेत जाऊन आलो होतो. मी आकडा सांगितला. करमुक्त असल्यामुळे जरा बराच होता. सरकारने एक पैसा कापला नव्हता.

अब्बांनी मान डोलावली. त्यांनी जमातीच्या चार वडीलधाऱ्यांना विचारून ठेवलंच होतं. व्याजाचा पैसा खायचा नसतो, मशिदीला लावायचा नसतो, त्यातून सवाबाची आशाही धरायची नसते. तो अशा कामाला लावायचा, जिथे लोकांची सोय होते आणि आपल्याला पुण्य मिळत नाही. आमच्या गावच्या एसटी थांब्याला अशी एक गरज फार वर्षांपासून होती. विशेषतः उतारूंना.

काम माझ्या रजेतच पुरं झालं. पक्कं, विटांचं, पत्र्याचं छप्पर. दोन भाग, बायकांचा वेगळा, दारांना आतून कड्या आणि कोपऱ्यात टमरेलं. परत जायच्या आदल्या दिवशी, सकाळी, अब्बा मला तिथे घेऊन गेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. पूर्वी मी त्यांचं बोट धरायचो. दाराशेजारी भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवली होती, तिच्यावर टपोऱ्या काळ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव.

मी म्हटलं, "अब्बा, नाव कशाला?"

"सवाब नाय मिळायचा त्याचा. मग निदान नाव तरी लागू दे," ते म्हणाले.

मग मान वळवून, फरशीच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी तो एक डोळा बारीक केला. गवंड्याने अक्षरांभोवती एक सुरेख काळी रेघ कोरली होती. अब्बांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, चारी बाजूंनी.

"मना नीट दिसत नाय," ते म्हणाले. "तूच बघ. चौकटीत बसलंय ना?"

बसलं होतं. एक काना, एक मात्रासुद्धा बाहेर नव्हती. मला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण आत कुणीतरी होतं आणि ते खोकलं, म्हणून आम्ही जरा बाजूला जाऊन उभे राहिलो.